उजूच्या लग्नाची कॅसेट

"थांबा, थांबा! आता नीट बघा," असं म्हणून अण्णांनी रिमोटचं बटण दाबलं.

पडद्यावरचं लग्न जागच्या जागी थिजलं. भटजींचा हात वर, अंतरपाटाचा एक कोपरा खाली आलेला, आणि सगळ्या वऱ्हाडाच्या पोटावरून एक पांढरी रेघ थरथरत चाललेली. अण्णा खुर्चीतून उठले, टीव्हीजवळ गेले आणि हातातल्या अडकित्त्यानं त्या कोपऱ्यावर टकटक केलं.

"हा कोपरा कुणी धरलाय? आमच्या मेहुण्यानं. मंगलाष्टकं संपायच्या आधीच खाली सोडला. मुहूर्ताआधी नजरानजर झाली. मग पुढं दुसरं काय होणार?"

"अगं बाई! खरंच की वो," शेजारच्या भागीरथीकाकू म्हणाल्या. हे त्या कितव्यांदा बघत होत्या देव जाणे, पण दर वेळचं त्यांचं 'अगं बाई' मात्र नवंकोरं असायचं.

तेवढ्यात उजू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पडद्यावर शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली उजू आणि पडद्यापुढं विटक्या साडीत खाली मान घालून कप मांडणारी तीच उजू. अण्णांना त्यात काही खटकलं नाही.

"जरा बाजूला हो गं," ते म्हणाले. "लोकांना दिसत नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या घराची मी सून आणि उजू माझी धाकटी नणंद. अण्णा माझे सासरे. सासऱ्यांबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण ते गेले आता, आणि जाईपर्यंत मी पुष्कळ गप्प बसले आहे.

तेव्हा आम्ही कराडला राहत होतो. अण्णा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. खात्यात त्यांना कुणी विचारत नसे. पुढं त्यांच्या मावसभावानं दुबईहून व्हीसीआर आणून दिला आणि गल्लीत त्यांचा एकदम भाव वधारला. त्या व्हीसीआरवर क्रोशाचं झाकण, झाकणावर प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकवर अण्णांची नजर. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची आंघोळ एखाद्या दिवशी चुकली तर चालायची, व्हीसीआरची पुसापुशी चुकायची नाही. आम्हा बायकांना त्याला हात लावायची सक्त मनाई होती.

"बायकांच्या हाताला कायम ओल असते," हा त्यांचा सिद्धान्त. "मशिनला ओल चालत नाही."

हाताला ओल का असते, याचा तपास त्यांनी कधी केला नाही. कपबश्या आपोआप धुतल्या जातात, अशी त्यांची समजूत असावी.

अण्णा काहीही रेकॉर्ड करायचे. बातम्या, भाषणं, सव्वीस जानेवारीचं संचलन. आणि करताना वर्गात शिकवल्यासारखं मोठ्यानं सांगायचे, "आता आधी स्टेशन लावलं. आता हे लाल बटण आणि हे शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. कळलं का?" कळून घेणारं तिथं कोण होतं? आमच्या ह्यांचं तोंड पेपरात, माझे कान कुकरच्या शिट्टीकडे, आणि सासूबाई खाली बसून विळीवर भाजी चिरत असायच्या. अण्णा तरीही पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

माझ्या लग्नाचं शूटिंग झालं नव्हतं. आमचा फोटोग्राफर रोल संपला म्हणून जेवून निघून गेला होता. पण उजूच्या लग्नाच्या वेळी घरात मशिन होतं, तेव्हा शूटिंग झालंच पाहिजे. बापू शूटिंगवाला आला, डोळे दिपवणारा दिवा घेऊन मांडवभर फिरला, आणि महिन्याभरानं कॅसेट घेऊन घरी आला. तो दिवस म्हणजे दुसरं लग्नच. अण्णांनी कॅसेटला हळदकुंकू वाहायला लावलं.

"अण्णा, मागच्या बाजूची ही प्लॅस्टिकची चकती मोडून टाका," बापू म्हणाला. "मग हिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मशिन कॅसेट बाहेर टाकतंय."

अण्णांनी सगळ्यांना गोळा केलं आणि अडकित्त्यानं ती चकती मोडली. "आता ब्रह्मदेव आला तरी हे पुसू शकणार नाही!"

"तसं त्या खाचेवर चिकटपट्टी डकवली की परत होतंय म्हणा," बापू चहा पिता पिता सहज म्हणाला.

"ते बाहेर कुणाला सांगत बसू नकोस," अण्णा म्हणाले.

पहिली संक्रांतसुद्धा धड झाली नाही. जावयाचं पुण्यात आधीचंच बिऱ्हाड होतं. आईबापाच्या हट्टापायी तो बोहल्यावर उभा राहिला होता आणि ते उजूला पुण्यात पाय ठेवल्यावर कळलं. ती ट्रंक घेऊन एसटीनं एकटी परत आली. कोर्टकचेरी होऊन मोकळीही झाली. आता तरी ती कॅसेट ट्रंकेच्या तळाशी जाईल, असं मला वाटलं होतं. मी अण्णांना ओळखलंच नव्हतं.

लग्न मोडल्यावर ती कॅसेट जास्त लागायला लागली. आधी ती कौतुक होती, आता ती पुरावा झाली. अण्णांचा आवडता शब्द. विचारपूस करायला कुणीही आलं की अण्णा त्याला टीव्हीपुढं बसवायचे. आम्ही काय काय दिलं बघा. रुखवत बघा, नुसते करंजीचे प्रकार बघा. पंगत बघा. आणि मग गाडी अंतरपाटावर यायची, मागं-पुढं, मागं-पुढं, कोपरा खाली, कोपरा वर. तो कोपरा सासूबाईंच्या भावाच्या हातात होता. त्यामुळे दर वेळी अण्णा "आमचा मेहुणा" म्हणून स्वयंपाकघराकडे बघायचे, आणि सासूबाई आत मान खाली घालून काही तरी निवडत राहायच्या.

गल्लीला फुकटचा सिनेमा मिळाला. कुणाला समईची वात तिरकी दिसली, कुणाला नवऱ्या मुलाच्या डोळ्यांत आधीपासूनच पाप दिसलं. हे सगळं लग्नाच्या दिवशी पेढे खाताना कुणाला दिसलं नव्हतं. आणि त्या दिवशी, उजू कप मांडत असताना, भागीरथीकाकूंनी नवीनच शोध लावला.

"अण्णा, जरा म्होरं घ्या. हां, हितंच! बघा, बघा. नवरी हसतीय!"

अण्णांनी मशिन थांबवलं. खरंच उजू हसत होती. मंगलाष्टकं चाललेली, हात जोडलेले, आणि ती ओठ दाबून दाबून शेवटी हसली होती. किती गोड दिसत होती, हे कुणी बोललं नाही.

"बोहल्यावर हसतंय का कोण?" काकू म्हणाल्या. "लक्ष्मी अशी हसली की नांदत न्हाई बघा. जुनी माणसं म्हणायची."

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग उजूकडे वळून म्हणाले, "का हसलीस गं?"

उजू रिकामा ट्रे घेऊन आत गेली. त्या दिवसापासून ती हसायचीच बंद झाली. हे मी फुगवून सांगत नाही. मी चेष्टा केली तर ती आधी बैठकीच्या खोलीकडे बघायची.

अशातच रहिमतपूरहून बारटक्के सरांचं स्थळ आलं. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. पहिली बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कांनी, आईच्या जागी राहून वाढवलेलं. सगळं पत्रातून कळवलेलं होतं, आणि रविवारी दोघं उजूला बघायला येणार होते. उजू नाही-नाही म्हणत शेवटी हो म्हणाली होती. मी तिच्यासाठी मोतिया रंगाची साडी काढून ठेवली.

शुक्रवारी जेवताना अण्णा म्हणाले, "पाहुणे आले की आधी पोहे, मग कॅसेट."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. "कुठली कॅसेट, अण्णा?"

"लग्नाची. दुसरी कुठली?"

"मुलगी बघायला येणाऱ्या माणसाला तिचं पहिलं लग्न दाखवतं का कुणी?"

"त्यात लपवायचं काय आहे? आपण चोरी केलीय का? आपल्या बाजूनं काही कमी नव्हतं, हे त्यांना दिसायला नको? उद्या म्हणतील, मुलीतच काही खोट असेल. पुरावा समोर असला की तोंडं बंद होतात."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे बँकेत होते आणि घरातही खिडकीच्या पलीकडेच बसायचे. म्हणाले, "तसं अण्णांचंही बरोबर आहे आणि हिचंही चूक नाही." एवढं मोलाचं मत देऊन त्यांनी ताक मागितलं.

मी मागच्या अंगणात गेले तेव्हा उजू धुण्याच्या दगडावर बसली होती. शेजारी सासूबाई मेथी निवडत होत्या.

"वहिनी, लागली ना ती रविवारी, तर मी मागच्या दारानं निघून जाईन," उजू म्हणाली. "आणि परत कुणासमोर ट्रे घेऊन जाणार नाही. जन्मात नाही. तुला म्हणून सांगते."

"असं नको गं बोलू."

"मी हसले म्हणून मोडलं म्हणे. अगं, भटजींच्या मिशीत अक्षता अडकली होती. ते 'सावधान' म्हणाले की ती पण उडी मारायची. ते कुठं दिसतंय त्यात? त्यात नुसती मी दिसते."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईंनी मेथीची काडी मोडली, जुडी पदरात घेतली आणि उठून आत गेल्या. मला त्यांचा रागच आला. पोटची पोर रडतेय आणि ह्यांना भाजीचं पडलंय! नवऱ्यापुढं उभ्या जन्मात ब्र काढला नाही, आता तरी काय काढणार, असं मनात म्हणाले.

शनिवारी अण्णा मित्राच्या साठीशांतीला साताऱ्याला गेले, हे बँकेत. जेवणं उरकल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "वृंदा, उजूला घेऊन बाजारात जा. पोह्याला शेंगदाणे आण, बांगड्या भर तिला. येताना कृष्णाबाईचं दर्शन घेऊन घाटावर बसा जरा. घाई करू नका."

"तुम्ही एकट्या काय करणार, आई?"

"माझं डोकं धरलंय. पडते जरा."

त्या बोटाला हळद दाबून वर चिकटपट्टी गुंडाळत होत्या. तेही रोजचंच. त्यांना जवळचं दिसत नसे आणि अण्णांच्या मते ज्या बाईला वाचायचं नाही तिला चष्म्याची गरज नाही. त्यामुळे विळी रोज एखादं बोट कापायची, आणि औषधाच्या दुकानातल्या त्या तांबूस पट्टीची गुंडाळी कायम मीठमसाल्याच्या डब्यांशेजारी असायची.

आम्ही परतलो तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई बैठकीच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. व्हीसीआरवरचं क्रोशाचं झाकण उलट्या बाजूनं घातलेलं दिसलं. अण्णा आल्या आल्या खेकसतील म्हणून मी ते सरळ केलं आणि विसरून गेले.

रविवारी चारला पाहुणे आले. सर उंच, थोडे वाकलेले, बोलताना चष्मा पुसणारे. आक्का नऊवारीतल्या, दिसायला कडक. पोहे झाले. भागीरथीकाकू वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजू मोतिया साडीत आक्कांसमोर बसली होती आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जमिनीला देत होती.

"आता एक गोष्ट दाखवतो," अण्णा उठले. "आम्ही काही लपवणारी माणसं नाही."

मी म्हणाले, "अण्णा, पाहुण्यांना चहा..."

"चहा येऊ दे की. बघता बघता पितील."

त्यांनी पुरवून पुरवून झाकण काढलं, कॅसेट आत सरकवली. उजू उठली. चहा आणायला म्हणून आत आली, पण चहाकडे गेली नाही. मागच्या दाराची कडी तिनं काढलीसुद्धा. मी तिचा दंड धरला.

"सोड वहिनी."

"अगं थांब..."

तेवढ्यात बाहेरून एक खणखणीत पुरुषी आवाज आला. "बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग दारातून डोकावलो.

पडद्यावर सनई नव्हती, गणपती नव्हता, 'शुभविवाह' नव्हतं. एक टक्कल पडलेले प्राध्यापक होते आणि त्यांच्या पुढ्यातल्या ताटलीत टाचण्या टोचलेला बेडूक होता.

"हे काय?" अण्णा म्हणाले. "जरा... पुढं असेल." त्यांनी बटण दाबलं. प्राध्यापक भराभर हात हलवू लागले. बेडूक गेला आणि मिरचीचं शेत आलं. फेटेवाले एक गृहस्थ चुरडा-मुरडा रोगावर कुठली फवारणी करावी ते सांगू लागले. अण्णांनी आणखी पुढं घेतलं. एक बाई लोकरीचे टाके घालत होती. आणखी पुढं. पुन्हा मिरच्या. अण्णांच्या कपाळावर घाम आला. ज्या मशिननं त्यांना गल्लीत खुर्ची दिली होती, तेच आज चारचौघांत त्यांचं ऐकेनासं झालं होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

भागीरथीकाकूंना या खेपेला 'अगं बाई'सुद्धा सुचलं नाही.

सर मात्र खुर्चीच्या कडेला सरकले होते. "अण्णासाहेब, जरा मागं घेता का? तो बेडूक."

"काय?"

"हृदय फार स्वच्छ दाखवलंय हो. मी दर वर्षी फळ्यावर काढतो आणि दर वर्षी त्याचा बटाटा होतो. पोरं तर वहीत खाली 'बटाटा' असंच लिहितात."

माझ्या शेजारी काही तरी फुटल्यासारखा आवाज झाला. उजू हसत होती. तोंडावर पदर धरला, तरी हसू बाहेर आलं. मग तिनं पदरही सोडला आणि दाराला धरून हसायला लागली. अण्णांनी वळून बघितलं. काकूंनी बघितलं. आक्कांनी तर मान पूर्ण वळवून बघितलं.

"हसतीस तर चांगली," आक्का म्हणाल्या. "मग मघापासनं तोंड पाडून का बसली होतीस? ये, हितं बस माझ्याजवळ."

अण्णांनी कॅसेट बाहेर काढली, तिच्यावरचं नाव वाचायला डोळे बारीक केले आणि "माझा चष्मा कुठाय?" करत तणतणत आतल्या खोलीत गेले. कॅसेट मशिनवरच राहिली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हात लावला. उलटी केली. मोडलेल्या चकतीच्या खाचेवर तांबूस रंगाची औषधी चिकटपट्टी नीट दाबून बसवली होती. पट्टीच्या कडेला हळद लागली होती.

पाठीमागून अण्णांच्या चपला वाजल्या. मी नखानं पट्टी उचकटली, मुठीत धरली आणि कॅसेट होती तशी ठेवली.

अण्णांनी चष्म्यातून कॅसेट उलटसुलट बघितली. "चकती तर मोडलेली आहे! ह्यावर रेकॉर्ड होऊच शकत नाही! मग हे झालं कसं?" मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "मशिनला कुणी हात लावला होता का गं?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. नेहमीसारखाच, ना चढा ना पडका.

"आम्ही कशाला लावू? आमच्या हाताला ओल असती."

अण्णांना ते पटलं. तेवढंच कशाला, जन्मभर पटलं. बापूनं कॅसेटच जुनी खपवली, विजेचा दाब कमी-जास्त झाला, दुबईचं मशिन कराडच्या हवेला टिकलं नाही, असे पुष्कळ सिद्धान्त त्यांनी पुढं मांडले. घरातल्या बाईचा संशय मात्र त्यांना एकदाही आला नाही. बाईला एवढं कळत असेल, हे मान्य करण्यापेक्षा त्यांना भुताटकी सोपी वाटली असती.

मी आत गेले आणि मूठ उघडली. सासूबाईंनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पट्टी उचलून केराच्या डब्यात बटाट्याच्या सालींखाली घातली.

"काढायची विसरले बघ," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, तुम्ही?"

"रोज शिकवायचे की. लाल बटण आणि शेजारचं." त्यांनी चहात साखर घातली आणि ढवळता ढवळता हात थांबला. "पोटच्या पोरीचं लग्न पुसलं गं मी. आधी तिचं हसणं तेवढं परत एकदा बघून घेतलं. मग दाबलं." डोळे पुसून त्या पुढं म्हणाल्या, "चहा ने. माणसं थांबतायत."

मी त्यांच्याबद्दल दोन दिवस काय काय म्हणत होते! मी वाकून त्यांच्या पाया पडले. "ऊठ, दूध उतू जाईल," त्या म्हणाल्या.

लग्न पुढच्या वैशाखात ठरलं. अण्णांनी लगेच बापूला सांगावा धाडायचा बेत केला, नवीन कॅसेटचं बोलायला लागले. सासूबाई पंगतीत वाढत होत्या. हातातली आमटीची वाटी तशीच धरून म्हणाल्या, "शूटिंग नको."

"नको म्हणजे? उद्या काही झालं तर? पुरावा नको?"

"नको म्हटलं ना."

माझ्या देखत त्यांनी नवऱ्याला 'नको' म्हटलेलं ते पहिलं. अण्णा इतके चकित झाले की बापूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आता माझ्या नातवंडांच्या बारशापासून सगळं मोबाईलमध्ये आहे, आणि कुणी बघत नाही. उजू रहिमतपूरला आहे, तिची मुलं मोठी झाली. तिच्या त्या लग्नाचा मात्र एकही तुकडा कुठं नाही. अंतरपाटाचा कोपरा कुणी धरला होता, तो वर राहिला की खाली आला, कुणास ठाऊक. एवढं पक्कं आठवतंय की मंगलाष्टकं चालू असताना उजू खळखळून हसली होती, सरही हसले होते, आणि सासूबाईंनी पहिल्यांदा वर मान करून ते बघितलं होतं. का हसली ते आता मला आठवत नाही, आणि मागं घेऊन बघायची सोय नाही.